वित्त विभागातून ऑटोमेशनकडे आणि टीमच्या नेतृत्वाकडे: पुढची वाट कशी आखावी?

खतावणी (धागाकर्ती)

नमस्कार. मी एका मोठ्या कंपनीच्या वित्त विभागात बरीच वर्षे जनरल लेजरचे, म्हणजे कंपनीच्या मुख्य खातेवहीचे, काम पाहते आहे. महिनाअखेरच्या जर्नल एन्ट्री, खर्चाच्या तरतुदी (बिल येण्याआधीच केलेल्या खर्चाच्या नोंदी) आणि पुढच्या महिन्यात होणारे त्यांचे रिव्हर्सल, बँक रिकन्सिलिएशन, समूहातल्या कंपन्यांच्या परस्पर शिलकांची जुळणी आणि शेवटी ट्रायल बॅलन्सची (सर्व खात्यांच्या शिलकांच्या यादीची) छाननी, असे माझ्या कामाचे स्वरूप आहे. त्याच त्या फायली दर महिन्याला हाताने जोडण्यात वेळ जातो म्हणून मी आधी मॅक्रो (एक्सेलमधली कामे आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) आणि नंतर पॉवर क्वेरी (फायली आपोआप जोडणारे एक्सेलमधले साधन) शिकले. माझ्या फायली इतरांनाही उपयोगी पडू लागल्या आणि आता टीममध्ये कोणाचेही काम अडले की ते माझ्या टेबलावर येते.

वरिष्ठांनी आता दोन गोष्टी एकत्रच सुचवल्या आहेत. विभागातल्या प्रक्रियांच्या ऑटोमेशनची जबाबदारी मी घ्यावी आणि त्याच वेळी आमच्या टीमचे नेतृत्वही करावे, असे त्यांचे म्हणणे आहे. मला दोन्हींची ओढ आहे, पण शंकाही आहेत. पुढची काही वर्षे प्रोग्रामिंग खोलात शिकण्यात घालवली, तर हिशेबावरची माझी पकड सैल होईल का? आणि काल-परवापर्यंत ज्यांच्या शेजारी बसून काम केले, त्यांच्याच कामाचे मूल्यमापन करण्याची वेळ आल्यावर सुरुवात कशी करावी? या वाटेने गेलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

ताळमेळ

मी हिशेबाच्या टेबलावरूनच इथवर आलो आहे आणि सध्या अशाच एका विभागाची जबाबदारी पाहतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ऑटोमेशन म्हणजे कोड लिहिणे एवढेच मानले, तर तुमची पहिली भीती खरी ठरू शकते. प्रत्यक्षात या कामातला सर्वांत अवघड भाग नियम शोधून काढण्याचा असतो आणि ते नियम हिशेब जाणणाऱ्यालाच सापडतात. बँक रिकन्सिलिएशनच घ्या. एका बाजूला बँकेचे स्टेटमेंट आणि दुसऱ्या बाजूला लेजरमधले बँक खाते. संदर्भ क्रमांक आणि रक्कम या दोन्ही गोष्टी तंतोतंत जुळतात त्या नोंदी कोणीही जुळवून देईल. खरी कसोटी उरलेल्या नोंदींत लागते. ग्राहकाने तीन इनव्हॉइसचे पैसे एकरकमी भरले आहेत आणि त्यातून परत केलेल्या मालाची क्रेडिट नोट (तेवढी रक्कम कमी केल्याची चिठ्ठी) वजा केली आहे. बँकेने आपले शुल्क कापून उरलेली रक्कम जमा केली आहे. परकीय चलनातल्या पावतीत विनिमय दराचा फरक पडला आहे. महिन्याच्या शेवटच्या दिवशी लेजरमध्ये नोंदवलेले पेमेंट बँकेत पुढच्या महिन्यात उतरले आहे. आणि एकाच दिवशी, एकाच रकमेच्या दोन पावत्या दोन निरनिराळ्या ग्राहकांकडून आल्या आहेत. या शेवटच्या प्रकारात केवळ रक्कम पाहणारा बॉट (ठरवून दिलेले काम आपोआप करणारा प्रोग्राम) दोन्ही नोंदींची अदलाबदल करू शकतो. फरक शून्यच दिसतो आणि चूक उघडकीस येते ती पैसे भरून मोकळ्या झालेल्या ग्राहकाला थकबाकीचे स्मरणपत्र गेल्यावर. शून्य फरकाच्या आडही चुकीची जुळणी लपू शकते, हे ज्याने अनुभवले आहे तोच जुळणीचे नियम नीट लिहू शकतो.

अशा कामात मी नियमांच्या पायऱ्या पाडतो. पहिल्या पायरीवर संदर्भ क्रमांक आणि रक्कम दोन्ही जुळली पाहिजेत. दुसरीवर रक्कम, पक्षकाराचे नाव आणि ठरावीक दिवसांच्या आतली तारीख पाहायची. तिसरीवर एका पावतीसमोर अनेक इनव्हॉइस अशा जोड्या यंत्राने फक्त सुचवायच्या आणि माणसाने मंजूर करायच्या. बाकी उरेल त्याला यंत्राने हात लावायचा नाही. कोणत्या पायरीवर किती नोंदी जुळल्या, हे दर महिन्याला लिहून ठेवावे. तिसऱ्या पायरीवरचा आकडा एकाएकी वाढला, तर बहुधा एखाद्या मोठ्या ग्राहकाने पैसे भरण्याची पद्धत बदललेली असते किंवा बँकेने स्टेटमेंटचा नमुना बदललेला असतो. हा अंदाज बांधायला हिशेबाचीच नजर लागते आणि ऑटोमेशनच्या कामात ती बोथट न होता उलट अधिक तीक्ष्ण होते, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. एखादे काम यंत्राकडे सोपवण्याआधी ते काम मुळात हवे आहे का, हे विचारावे. अनेक विभागांत दर महिन्याला अगदी किरकोळ रकमांच्या तरतुदी केल्या जातात आणि पुढच्या महिन्यात त्या उलटवल्या जातात. ठरावीक मर्यादेखालच्या खर्चाची मासिक तरतूद करायचीच नाही, असा निर्णय वित्त नियंत्रकाने लेखापरीक्षकांशी बोलून घेतला, तर एन्ट्रींचा मोठा गठ्ठा एका दिवसात नाहीसा होतो. त्या एन्ट्री टाकणारा बॉट लिहिण्यापेक्षा हे काम कितीतरी मोलाचे आहे, पण ते सुचवण्यासाठी त्या रकमा किरकोळ का आहेत, हे सप्रमाण सांगता आले पाहिजे.

अर्धविराम

मी प्रोग्रामिंगच्या बाजूने वित्त विभागात आलो. ताळमेळ यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु तांत्रिक शिक्षण दुय्यम आहे असा अर्थ त्यातून निघू नये. अर्धवट तांत्रिक ज्ञानातून तयार झालेल्या फायली पुढे किती वर्षे त्रास देतात, ते मी जवळून पाहिले आहे.

एक छोटे उदाहरण देतो. एक्सेल कोणत्याही संख्येतले पहिले १५ अंकच अचूक ठेवते. बँक खात्याचा किंवा व्यवहाराचा १६ अंकी क्रमांक संख्या म्हणून आत आला, तर त्याचा शेवटचा अंक शून्य होतो आणि शेवटच्या अंकापुरताच फरक असलेले दोन वेगळे क्रमांक एकसारखे दिसू लागतात. व्हेंडरच्या (पुरवठादाराच्या) कोडच्या सुरुवातीची शून्ये गळून पडतात तीही तो संख्या म्हणून वाचला गेल्यामुळेच. पॉवर क्वेरीला सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकूर फाईल) जोडली की ती स्तंभांचे प्रकार आपणहून ठरवणारी एक पायरी घालते. ती पायरी काढून क्रमांकांचे स्तंभ आधी मजकूर म्हणून घोषित करणे, ही पहिली सवय लावून घ्यावी. तारखांचेही तसेच आहे. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे फाईल कोणत्या प्रणालीतून निघाली त्यावर ठरते आणि महिन्याच्या बारा तारखेपर्यंतच्या नोंदी चुकीच्या महिन्यात जाऊनही वरवर पाहणाऱ्याला काहीच खटकत नाही.

शिकण्याचा क्रम मी असा सुचवेन. रेकॉर्ड केलेल्या मॅक्रोंवर फार काळ थांबू नये. एक्सेलमध्ये व्हीबीए ही मॅक्रो लिहिण्याची भाषा १९९३ पासून आहे आणि आजही उपयोगी पडते, पण रेकॉर्ड केलेला मॅक्रो सेलचे पत्ते धरून चालतो आणि मध्ये एक स्तंभ वाढला की चुकीच्या स्तंभावर काम करू लागतो. पॉवर क्वेरी २०१६ च्या आवृत्तीपासून एक्सेलचाच भाग आहे. ती तुम्हाला येते, म्हणजे तुम्ही योग्य रस्त्यावर आहात. त्यानंतर एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा) शिका आणि शिकताना तुमच्या ईआरपीमध्ये, म्हणजे कंपनीचे सगळे व्यवहार नोंदवणाऱ्या प्रणालीत, माहिती कशी साठवली जाते, ते समजून घ्या. सॅप या ईआरपीच्या जुन्या रचनेत दस्तऐवजाचा मथळा बीकेपीएफ या तक्त्यात आणि त्यातल्या ओळी बीएसईजीमध्ये असतात. २०१५ मध्ये आलेल्या एस/४हाना या सॅपच्या नव्या आवृत्तीत आर्थिक नोंदी आणि खर्चाचे हिशेब एसीडीओसीए या एकाच तक्त्यात आणले गेले. दस्तऐवजाची तारीख, पोस्टिंगची तारीख आणि प्रत्यक्ष एन्ट्री केल्याची तारीख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याला ठाऊक आहे तोच कटऑफचा (कोणता व्यवहार कोणत्या महिन्यात धरायचा याचा) अहवाल बरोबर लिहितो. तुम्हाला ते ठाऊक आहे. मला ते तुमच्यासारख्या सहकाऱ्यांकडून शिकावे लागले.

पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा त्यानंतर. यूआयपाथ, ब्लू प्रिझम, ऑटोमेशन एनीव्हेअर यांसारखी बॉटची साधने सर्वांत शेवटी आणि तीही दोन प्रणालींना जोडायला दुसरा मार्ग नसेल तेव्हाच. पडद्यावरची बटणे दाबणारा बॉट पडदा बदलला की थांबतो आणि पडदे बदलण्याचा निर्णय आपल्या हातात नसतो. आजकाल कोड लिहून देणारी एआयची साधने सर्वांच्या हाताशी आहेत. ती जरूर वापरावीत, पण ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे अशा एखाद्या जुन्या महिन्याच्या माहितीवर तो कोड चालवून पाहिल्याशिवाय चालू महिन्याला लावू नये.

अंतर्गत परीक्षक

वरच्या दोन्ही प्रतिसादांत नियंत्रणांचा उल्लेख ओझरता आला आहे. माझ्या मते या वाटेवर जाणाऱ्याने तो विषय पहिल्या दिवसापासून आपला मानला पाहिजे, कारण हाताने होणारी चूक एका एन्ट्रीपुरती राहते आणि यंत्राची चूक प्रत्येक ओळीत उतरते.

सार्वजनिक नोंदींतली दोन उदाहरणे मी नेहमी सांगतो. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत २०२० च्या शरद ऋतूत कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी दैनंदिन आकडेवारीतून आणि संपर्क शोधण्याच्या यादीतून निसटल्या. प्रयोगशाळांकडून आलेल्या फायली आपोआप एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारात ओढल्या जात होत्या. त्या प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात आणि त्यापुढच्या ओळी गुपचूप गळून पडल्या. २००७ पासूनच्या नव्या प्रकारात हीच मर्यादा १०,४८,५७६ ओळींची आहे. आत आलेल्या ओळी किती आणि पुढे गेलेल्या ओळी किती, एवढी तुलना प्रत्येक वेळी झाली असती, तर पहिल्याच दिवशी ही गळती दिसली असती. म्हणून तुमच्या प्रत्येक क्वेरीच्या आणि बॉटच्या शेवटी ओळींची संख्या आणि रकमेची बेरीज मूळ स्रोताशी ताडून पाहणारी पायरी असावी आणि आकडे जुळले नाहीत तर काम तिथेच थांबावे.

दुसरे उदाहरण नाईट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीचे. १ ऑगस्ट २०१२ रोजी सुमारे ४५ मिनिटांत तिचे ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. नवा प्रोग्राम आठ सर्व्हरवर बसवायचा होता, पण एका सर्व्हरवर तो बसवायचा राहिला आणि तिथला वापरातून गेलेला जुना कोड जागा झाला. त्या दिवशी बाजार उघडण्याआधीच प्रणालीने कर्मचाऱ्यांच्या एका गटाला ९७ ईमेल पाठवले होते, असे अमेरिकेच्या भांडवली बाजार नियामकाच्या आदेशात नमूद आहे. त्या ईमेलकडे सूचना म्हणून पाहण्याची जबाबदारी कोणाकडेच नव्हती. बदल बसवणाऱ्याचे काम दुसऱ्याने तपासणे आणि यंत्राचा इशारा नेमका कोणी वाचायचा ते ठरवणे, या दोन्ही गोष्टी नेतृत्वाच्या आहेत. तांत्रिक कौशल्याशी त्यांचा फारसा संबंध नाही, म्हणून त्या इथे मुद्दाम मांडतो.

तुमच्या बाबतीत मला पडणारा प्रश्न असा: तुमच्या फायली आज तुमच्याशिवाय कोण बदलू शकतो? एन्ट्री तयार करणाऱ्याने ती मंजूर करू नये, हा मेकर-चेकरचा नियम माणसांना आपण काटेकोरपणे लावतो. मॅक्रो लिहिणारी व्यक्तीच तो चालवते आणि निकालही तीच तपासते, तेव्हा मात्र तो नियम मोडला आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. बॉटच्या लॉगिनलाही व्हेंडर तयार करण्याचा आणि त्याला पैसे देण्याचा, असे दोन्ही अधिकार एकत्र कधीही देऊ नयेत. अमेरिकी बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या व्यवस्थापनाला २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याच्या कलम ४०४ नुसार आर्थिक अहवालांवरील अंतर्गत नियंत्रणे परिणामकारक आहेत की नाहीत, याचे मूल्यांकन करावे लागते. महत्त्वाच्या आकड्यांना पोसणारी एक्सेल फाईल त्या तपासणीतून सुटत नाही.

खतावणी (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. अंतर्गत परीक्षक यांच्या प्रश्नाचे उत्तर असे, की माझ्या फायली आज दुसरे कोणी बदलू शकत नाही. त्यावर काम सुरू करते.

आता माणसांविषयी विचारते. आमच्याकडे व्हेंडर स्टेटमेंटची जुळणी एक ज्येष्ठ सहकारी करतात. त्या माझ्यापेक्षा अनुभवाने खूप मोठ्या आहेत आणि त्यांच्या कामात चूक निघत नाही. त्यांच्या कामाची पद्धत लिहून मागितली की त्या म्हणतात, "हे सगळं डोक्यात असतं, कागदावर उतरत नाही." मला त्यामागे भीती दिसते आणि ती भीती मला अनाठायी वाटत नाही. दुसरीकडे वरिष्ठांना ऑटोमेशनमुळे वाचलेल्या तासांचा आकडा दर तिमाहीला हवा आहे. या दोन गोष्टींमध्ये मी कशी उभी राहू?

ताळमेळ

त्या सहकाऱ्यांचे म्हणणे खरे आहे, असे मानून सुरुवात करा. अनुभवी माणसाच्या कामातले अर्धे नियम त्याला स्वतःलाही शब्दांत सांगता येत नाहीत. बैठकीच्या खोलीत कागद पुढे करून ते मिळणार नाहीत. क्लोजिंग, म्हणजे महिन्याचे हिशेब बंद करण्याचे काम, चालू असताना त्यांच्या शेजारी बसा आणि त्या एखाद्या ओळीपाशी थांबल्या की तेवढेच विचारा, इथे का थांबलात? एका सहकाऱ्यांकडून मला अशा बैठकीत कळले होते की अमुक व्हेंडर वर्षाअखेरीची सूट देताना स्वतंत्र क्रेडिट नोट काढत नाही, पुढच्या इनव्हॉइसमध्येच ती रक्कम वळती करतो. त्यामुळे त्याच्या स्टेटमेंटमधला फरक त्या काळात खरा फरक नसतो. ही गोष्ट कोणत्याही प्रक्रिया-पुस्तिकेत नव्हती, आणि ती कळली नसती तर आमच्या जुळणीने दरवर्षी त्या व्हेंडरला वादग्रस्त ठरवले असते.

असे नियम गोळा झाले की ते त्यांच्याच नावावर राहू द्या. त्या प्रक्रियेच्या मालक त्या, अपवादांची यादी मंजूर करणार त्या आणि नियमात बदल करायचा तर शब्द त्यांचा. बाकीचे टंकलेखन आणि कोड तुम्ही किंवा दुसरे कोणी करील. हे मान द्यायचे म्हणून करायचे नाही. अपवाद ओळखणारा माणूस त्या जागी खरोखरच लागतो आणि तो माणूस त्या आहेत.

नोकरीच्या भीतीविषयी मात्र फार जपून बोला. "कोणाचीही नोकरी जाणार नाही", हे वाक्य तो निर्णय तुमच्या हातात असल्याशिवाय उच्चारू नका. वाचलेल्या वेळेचे काय करायचे, हे वरिष्ठांकडून आधी स्पष्ट करून घ्या आणि जे कळेल तेवढेच टीमला सांगा. जे ठरलेले नाही ते ठरलेले नाही, असेही सांगा. पुढारी म्हणून पहिल्या काही महिन्यांत तुमच्या शब्दाची किंमत ठरते आणि ती एकदा घसरली की कोणीही तुम्हाला कामातल्या खाचाखोचा सांगणार नाही. मग ऑटोमेशनही थांबते.

तासांच्या आकड्याबद्दल वरिष्ठांशी मोकळेपणाने बोलायला हवे. आठ जणांचे रोज पाव-पाव तास वाचले, तर बेरीज दोन तासांची होते, पण त्या दोन तासांत नवे काही करणारा माणूस कुठेच मोकळा झालेला नसतो. मी त्याऐवजी वेगळी मोजमापे पुढे ठेवतो. महिना बंद व्हायला कामाचे किती दिवस लागले, बंद झाल्यावर किती दुरुस्त्या कराव्या लागल्या, हाताने टाकलेल्या जर्नल एन्ट्री किती उरल्या आणि रिकन्सिलिएशनमध्ये ९० दिवसांहून जुन्या नोंदी किती आहेत. या आकड्यांत सुधारणा दिसली की तासांचा आग्रह बहुतेक वेळा आपोआप सैल होतो, कारण वरिष्ठांना त्यांच्या वरिष्ठांपुढे सांगायला काहीतरी ठोस मिळालेले असते.

सोबतच्यांच्या मूल्यमापनाबद्दल दोनच गोष्टी सांगतो. पहिल्या आठवड्यातच प्रत्येकाशी एकेकट्याने बोला आणि निकष सर्वांसमोर एकच ठेवा. विशेषतः ज्यांच्याशी आपली मैत्री आहे, त्यांना हे आधी सांगावे. दुसरी गोष्ट तुम्हाला जड जाईल. बिघडलेली फाईल घेऊन कोणी तुमच्याकडे आले, तर ती स्वतः दुरुस्त करून देणे आता थांबवा. त्यांच्या शेजारी बसा, पण कीबोर्ड त्यांच्याच हाती राहू द्या. क्लोजिंगच्या ऐन गर्दीत हे जमणार नाही आणि तेव्हा तुम्ही हात लावलात तरी हरकत नाही, फक्त पुढच्या आठवड्यात ती दुरुस्ती त्यांच्याकडून पुन्हा एकदा करून घ्या. तुमच्याशिवाय फायली कोणी बदलू शकत नाही, या अंतर्गत परीक्षक यांच्या आक्षेपाचे निराकरणही यातूनच होईल.

महिनाअखेर

मला इथे थोडा विरोधी सूर लावायचा आहे. दोन्ही जबाबदाऱ्या एकाच वेळी घेऊ नका.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात टीमच्या प्रमुखाची दर तासाला गरज असते. ऑटोमेशनला सलग, निवांत वेळ लागतो आणि तो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मिळेल असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात तिथे अंदाजपत्रक, लेखापरीक्षकांचे प्रश्न आणि तिमाहीचे अहवाल येऊन बसतात. मग काम अर्धे राहते. अर्धवट ऑटोमेशन हे काहीच न करण्यापेक्षा वाईट, कारण जुनी आणि नवी पद्धत एकत्र चालते आणि अंतिम आकडा कोणता, यावर क्लोजिंगच्या तिसऱ्या रात्री वाद होतात.

शिवाय पुढे काय व्हायचे आहे, हेही ठरवा. वित्त नियंत्रक व्हायचे असेल, तर अंदाजांवर निर्णय देणे, बुडीत कर्जांच्या तरतुदीचे समर्थन करणे, लेखापरीक्षकांसमोर बसणे, हे अनुभव लागतात आणि ते क्लोजिंगच्या टेबलावरच मिळतात. प्रक्रिया-प्रमुख किंवा वित्त प्रणालींचे प्रमुख व्हायचे असेल, तर ऑटोमेशनची वाट सरळ तिकडे जाते. दोन्ही वाटा चांगल्या आहेत, पण काही वर्षांनी एकीवरून दुसरीवर येणे सोपे नसते.

खतावणी (धागाकर्ती)

महिनाअखेर यांचा मुद्दा मला पटला आणि त्यामुळे मी थोडी अस्वस्थही झाले आहे. मला नियंत्रकपदाकडे जायचे आहे, हे लिहिता लिहिता माझे मलाच अधिक स्पष्ट झाले. मग ऑटोमेशनची जबाबदारी नाकारावी का? आणि स्वीकारली, तर होकार देण्याआधी वरिष्ठांकडून काय काय ठरवून घ्यावे?

अंतर्गत परीक्षक

नाकारू नये. ज्याच्या विभागात आकडे यंत्रातून येतात, त्या नियंत्रकाला ते यंत्र आतून माहीत असणे आवश्यक आहे. मात्र कोड स्वतः लिहिण्याची जबाबदारी आणि ऑटोमेशनचे निर्णय घेण्याची जबाबदारी, या दोन गोष्टी वेगळ्या करून मागा. काय करायचे, कोणत्या क्रमाने करायचे, कोणते नियंत्रण लावायचे आणि काय अजिबात यंत्राकडे द्यायचे नाही, हे तुम्ही ठरवा. लिहिण्यासाठी एक माणूस मागा, मग तो टीममधलाच शिकाऊ सहकारी का असेना. तुमचे सध्याचे जनरल लेजरचे काम कोणाकडे जाणार, हेही नावानिशी ठरवून घ्या. ते मोघम राहिले, तर तिन्ही कामे तुमच्याकडेच राहतील.

अर्धविराम

त्यात एक भर घालतो. माहिती तंत्रज्ञान विभागाची संमती आधी मिळवा. ईआरपीमधून माहिती वाचण्याचा अधिकार, बॉटसाठी स्वतंत्र लॉगिन आणि चाचणीसाठी वेगळी प्रणाली, या तीन गोष्टींवाचून कितीही चांगली योजना महिनोन्‌महिने अडकून पडते. तुमच्या वरिष्ठांचे वजन इथे वापरा.

ताळमेळ

महिनाअखेर यांचा इशारा मलाही योग्य वाटतो आणि अंतर्गत परीक्षक यांनी सुचवलेली विभागणी त्यावरचा चांगला तोडगा आहे. वरिष्ठांशी बोलताना आणखी एक मागणी करा: पहिल्या वर्षात किती प्रक्रिया हाती घ्यायच्या, त्याची मर्यादा. उत्साहाच्या भरात विभागातला प्रत्येक जण आपले काम यादीत घालतो आणि नाही म्हणण्याचा अधिकार नसेल तर ती यादी तुम्हालाच गिळते.

पहिली निवड करताना सर्वांत मोठी किंवा सर्वांत बिघडलेली प्रक्रिया घेऊ नका. त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांची व्हेंडर जुळणीही इतक्यात नको. त्यांचा विश्वास बसायला वेळ द्या, आणि दुसऱ्या कोणाचे काम सुधारलेले पाहून त्या स्वतःहून बोलतील अशी शक्यता बरीच आहे. बँक रिकन्सिलिएशन तुमच्या स्वतःच्या हातातले आहे, दर महिन्याला येते आणि त्याचे बरे-वाईट लगेच दिसते. तिथून सुरुवात करा. क्लोजिंग संपल्याच्या दुसऱ्या दिवशी नियम लिहायला घ्या, कारण अपवाद तेव्हाच ताजे असतात. नियम लिहून झाले की तुमच्या जागी ते काम घेणाऱ्या सहकाऱ्याला ते वाचायला द्या. त्यांना तुम्हाला न विचारता जिथे पुढे जाता येत नाही, तिथे नियम अपुरा आहे असे समजा.

त्यानंतर जुनी आणि नवी पद्धत काही क्लोजिंग समांतर चालवा आणि त्यात एक तरी तिमाहीअखेर असू द्या, कारण कितीतरी विचित्र नोंदी फक्त तिमाहीला उगवतात. समांतर चालवण्याची शेवटची तारीख मात्र सुरुवातीलाच जाहीर करा. दोन्ही निकालांतल्या प्रत्येक फरकाचे कारण लेखी नोंदवा आणि तो कागद तुमच्या कंपनीच्या अंतर्गत परीक्षकांना त्यांनी मागण्याआधी द्या. जाहीर केलेली तारीख आली आणि एकही फरक कारणाविना उरलेला नसला, की जुन्या फायली फक्त वाचण्यापुरत्या ठेवून त्यांत लिहिण्याचा अधिकार सर्वांचाच काढून घ्या, तुमचा स्वतःचाही.